कळप मारण्याआधी कान तपासा

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी आपल्या विज्ञानविषयक पानावर शेळ्यामेंढ्यांना होणाऱ्या 'स्क्रेपी' या मेंदूच्या रोगाची छोटी बातमी वाचली. या विषयाला मराठी वर्तमानपत्रात जागा मिळते हेच मोठं, म्हणून आधी आभार मानते. पण त्यातली दोन वाक्यं मला स्वस्थ बसू देईनात. रोगाचं कारण 'विषाणू' असं छापलं होतं, ते चूक आहे. आणि शेवटी लिहिलं होतं की बाधित कळप संपूर्ण नष्ट करणं हाच एकमेव उपाय आहे. पहिली चूक दोन ओळींत दुरुस्त होईल. दुसऱ्या वाक्यासाठी मात्र जरा जास्त जागा मागते, कारण त्या वाक्याप्रमाणे चालणाऱ्या यंत्रणेत मी स्वतः काम केलं आहे.

मी पशुवैद्यक आहे, आता निवृत्त. नोकरीची बरीच वर्षं युरोपातल्या एका पशुरोगनिदान प्रयोगशाळेत गेली. माझं काम मेलेल्या जनावरांच्या मेंदूचं. स्क्रेपीसाठी अख्खा मेंदू लागत नाही. कवटीच्या मागच्या भोकातून लांब दांड्याचा चमचा घालून मेंदूचा देठ बाहेर काढतात आणि त्यातला इंग्रजी 'व्ही'सारखा दिसणारा एक भाग तपासतात. त्याला ओबेक्स म्हणतात. मोजून बोटाच्या पेराएवढा. अर्धा ताजा ठेवायचा, अर्धा फॉर्मॅलिनमध्ये. मग फॉर्मिक आम्लात तासभर, मग मेणाचा ठोकळा, मग काही सहस्रांश मिलिमीटर जाडीचे काप. सूक्ष्मदर्शकाखाली रोगी चेतापेशींमध्ये गोल, स्वच्छ पोकळ्या दिसतात, जणू कुणी सुईने टोचून ठेवल्यात. प्रतिपिंड वापरून रंगवलं की त्याच जागी तपकिरी कण उमटतात. हे कण म्हणजेच प्रायॉन.

प्रायॉन हे प्रथिन आहे. त्यात डीएनए नाही, आरएनए नाही, जिवंत असं काही नाही. हे प्रथिन शेळीच्या, मेंढीच्या, माणसाच्या, सगळ्यांच्या चेतापेशींवर मुळातच असतं आणि निरुपद्रवी असतं. त्याची घडी एका विशिष्ट चुकीच्या पद्धतीने पडली की ते शेजारच्या चांगल्या प्रथिनाला आपल्यासारखी घडी घालायला लावतं. तेही तिसऱ्याला बिघडवतं. हे वर्षानुवर्षं चालतं. शरीराला हे प्रथिन आपलंच वाटतं, त्यामुळे ताप नाही, रक्तात प्रतिपिंडं नाहीत, म्हणून रक्ताची साधी चाचणी नाही आणि लसही नाही. लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत साधारण दोन ते पाच वर्षं जातात. तोवर शेळी खाते, व्यायते, दूध देते. मग एक दिवस ती कळपामागे राहू लागते, अंग खांबाला घासते, पाठ खाजवली की ओठ चावल्यासारखे हलवते. मागचे पाय लडखडतात. शेळ्यांमध्ये खाज कधी कधी अजिबात दिसत नाही. नुसती झडत जाते, पिळताना अंग चोरते. मालकाला वाटतं, वय झालं.

'केवळ प्रथिनामुळे संसर्ग होतो' हे विधान स्टॅन्ली प्रूसिनर यांनी १९८२ मध्ये मांडलं तेव्हा त्यांना फार विरोध झाला. १९९७ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. पण त्याच्या कितीतरी आधी या विज्ञानाचा भार शेळ्यांनी उचलला आहे, आणि हे कुठे फारसं लिहिलं जात नाही. फ्रान्समध्ये क्विये आणि शेल या दोन पशुवैद्यकांनी १९३६ मध्ये स्क्रेपी एका मेंढीतून दुसरीत टोचून जातो हे दाखवलं आणि १९३९ मध्ये तो शेळ्यांना दिला. दोन वर्षांहून अधिक काळ ते वाट बघत बसले. आजच्या कुठल्या संशोधन प्रकल्पात एवढा धीर असतो? नंतर इंग्लंडमध्ये कॉम्प्टन इथे पॅटिसन आणि मिल्सन यांना १९६१ च्या सुमारास दिसलं की टोचलेल्या शेळ्यांपैकी काही खाजवून खाजवून जातात, तर काही नुसत्या गुंगीत जातात. आणि ज्या प्रकारच्या शेळीचा मेंदू पुढच्या शेळीला टोचावा, तोच प्रकार पुढे उतरतो. प्रायॉनचे वेगवेगळे 'वाण' असतात ही कल्पना तिथून आली. त्याच वर्षी चँडलर यांनी हा रोग उंदरात नेऊन दाखवला आणि संशोधनाची शेळी सुटली. उंदीर स्वस्त, लहान, लवकर मरणारे. शेळ्यांच्या स्वतःच्या रोगाकडे बघायला मात्र पुढे कितीतरी दशकं लागली.

आता कळप नष्ट करण्याबद्दल. हा नियम मूर्खपणाचा होता असं मी म्हणणार नाही. प्रायॉन साध्या उकळण्याने जात नाही. आम्ही हत्यारं १३४ अंशांवर दाबाखाली १८ मिनिटं ठेवायचो, नाहीतर दाहक सोड्याच्या द्रावात तासभर बुडवायचो. फॉर्मॅलिनने तर तो उलट पक्का होतो. १९३० च्या दशकात स्कॉटलंडमध्ये मेंढ्यांच्या दुसऱ्याच एका रोगावर मेंढीच्या मेंदूपासून लस बनवली होती, फॉर्मॅलिनने 'निर्जंतुक' केलेली. त्या लसीतून शेकडो मेंढ्यांना स्क्रेपी झाला. रोगी मादीची वार, चीक, दूध, यांतून तो पिल्लांत उतरतो, आणि वार पडलेल्या जागेवर राहतो. आइसलँडमध्ये एका ठिकाणी मेंढ्या काढून टाकल्यावर १६ वर्षांनी आणलेल्या नव्या मेंढ्यांमध्ये तो पुन्हा उगवला. त्यात २००५ मध्ये आणखी एक गोष्ट पक्की झाली: फ्रान्समध्ये २००२ साली कापलेल्या एका शेळीच्या मेंदूत गायींचा बीएसई ('मॅड काऊ') रोग सापडला होता, तोच जो माणसाला होतो. स्क्रेपी स्वतः माणसाला होतो असा पुरावा इतक्या शतकांत मिळालेला नाही, तरी सरकारं घाबरली यात नवल नाही.

मेंढ्यांच्या बाबतीत भीतीतून वाट निघाली. प्रायॉन प्रथिनाच्या साखळीत १७१ व्या जागी ग्लुटामिनऐवजी अर्जिनिन हे अमिनो आम्ल असलं की मेंढीला नेहमीचा स्क्रेपी सहसा होत नाही, हे कळलं होतं. २००३ मध्ये युरोपीय नियमांत तरतूद आली: रोग निघालेल्या कळपात मेंढ्यांची जनुकचाचणी करा, प्रतिकारक आहेत त्या राहू द्या, बाकीच्या मारा. त्याच नियमात शेळीसाठी एकच शब्द होता. सगळ्या. कारण शेळ्यांमध्ये १७१ वरचा तो बदल मिळत नाही. मेंढीची किल्ली शेळीच्या कुलपाला लागली नाही, आणि शेळीची किल्ली शोधायची घाई फारशी कुणाला नव्हती.

२००४ च्या हिवाळ्यात माझ्याकडे एक कळप आला. आला म्हणजे डोकी आली, पिशव्यांत, कानातल्या बिल्ल्यांसकट. २९ शेळ्या. त्यांपैकी चार आजारी निघाल्या, दोघींना लक्षणंही नव्हती. १७ नंबरच्या बिल्ल्याची शेळी सगळ्यांत म्हातारी होती, नऊ वर्षांची. मालकाच्या वहीप्रमाणे ती त्याच गोठ्यात जन्मली, तिथेच सहा वेळा व्यायली, आणि स्क्रेपीने मेलेल्या एका शेळीची दोन करडं तिने आपल्या दुधावर वाढवली. तिचा ओबेक्स मी तीनदा कापला. टॉन्सिल, लसिकाग्रंथी, जे जे तपासता येतं ते तपासलं. एकही तपकिरी कण नाही. अशा गोठ्यात नऊ वर्षं राहून इतका स्वच्छ मेंदू मी त्याआधी पाहिला नव्हता.

मालकाचा फोन आला. त्याने रागावून काही विचारलं नाही. एवढंच म्हणाला, "जिला इतक्या वर्षांत काही झालं नाही, तीच तर ठेवायला हवी होती ना?" माझ्याकडे उत्तर म्हणून नियमाचा क्रमांक होता. तो मी त्याला वाचून दाखवला. आजही ते आठवलं की वाईट वाटतं.

कानाचे तुकडे मात्र मी फेकले नाहीत. २९ तुकडे, २९ कुप्या, शीतपेटीच्या खालच्या कप्प्यात. दोन वर्षांनी इटलीतून शोधनिबंध येऊ लागले. तिथल्या रोगी कळपांत जनुक वाचताना संशोधकांच्या लक्षात आलं की शेळीच्या प्रायॉन प्रथिनात २२२ व्या जागी ग्लुटामिनऐवजी लायसिन असेल तर ती शेळी आजारी शेळ्यांच्या यादीत जवळजवळ सापडतच नाही. शेळीचं हे प्रथिन २५६ अमिनो आम्लांचं. त्यातलं एक बदललेलं. ग्लुटामिनवर विद्युतभार नसतो, लायसिनवर धन भार असतो, आणि एवढ्याने चुकीच्या घडीचं प्रथिन त्याला सहजी आपल्यासारखं वळवू शकत नाही. आईकडून किंवा बापाकडून, एकाच बाजूने हा बदल आला तरी पुष्कळ संरक्षण मिळतं. मी कुप्या बाहेर काढल्या. १७ नंबरमध्ये तो बदल होता. तिच्या दोन मुली कळपात होत्या, त्या दोघींतही होता. तिघींचे मेंदू स्वच्छ. २९ जणींत फक्त या तिघी तशा होत्या, आणि नियमाने आम्ही नेमक्या त्याही मारल्या होत्या.

यावरून मी सिद्धांत मांडत नाही, तीन शेळ्यांवरून कुणीच मांडू नये. पण सिद्धांत दुसऱ्यांनी मांडला आणि तपासला. फ्रान्स आणि ग्रीसमधल्या कळपांतही २२२ चा तोच बदल तसाच वागताना दिसला. सायप्रसची गोष्ट तर फार बोलकी आहे. तिथे मेंढ्या प्रतिकारक जनुकाच्या पैदाशीने सावरल्या, रोग मात्र शेळ्यांत घर करून राहिला. तिथल्या शेळ्यांत १४६ व्या जागेचा बदल हाती लागला: ॲस्पॅराजिनऐवजी सेरिन किंवा ॲस्पार्टिक आम्ल असलं की शेळी वाचते. अमेरिकेत पुलमन इथल्या संशोधकांनी सेरिनचा तो बदल किंवा २२२ चा बदल एका बाजूने आलेल्या करडांना जन्मतःच तोंडावाटे स्क्रेपीचं द्रव्य पाजलं आणि मग वाट बघितली. सहा वर्षं उलटून गेल्यावरही ती निरोगी होती. संरक्षण नसलेल्या शेळ्या अशा परीक्षेत त्याच्या कितीतरी आधी जातात. क्विये आणि शेल यांच्यासारखा धीर आजही आहे म्हणायचा.

युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने २०१७ मध्ये सगळा पुरावा एकत्र मांडून सांगितलं की २२२ वर लायसिन, १४६ वर सेरिन, १४६ वर ॲस्पार्टिक आम्ल, हे तिन्ही बदल शेळीला नेहमीच्या स्क्रेपीपासून वाचवतात. २०२० मध्ये नियम बदलला. आता तिथे बाधित कळपात असा बदल असलेली शेळी ठेवता येते. २००३ ते २०२०, म्हणजे मेंढीनंतर १७ वर्षांनी. म्हणूनच 'संपूर्ण कळप नष्ट करणं हाच एकमेव उपाय' हे वाक्य वाचून मी पत्र लिहायला बसले. ते वाक्य आता खरं नाही.

या जनुकांचा उदोउदो होऊ नये हेही तितक्याच कळकळीने सांगते. रोगद्रव्य थेट मेंदूत टोचलं तर २२२ चं संरक्षण अभेद्य राहत नाही. मेंदूत टोचणं ही प्रयोगातली गोष्ट, गोठ्यात तसं होत नाही, पण मर्यादा माहीत असलेली बरी. नॉर्वेत १९९८ मध्ये ओळखलेला जो वेगळ्या प्रकारचा स्क्रेपी आहे, त्याचं गणित निराळं. मेंढ्यांमध्ये तर १७१ च्या बदलानेही तो टळत नाही. आणि सगळ्यांत मोठा धोका पैदाशीचा. हे बदल बहुतेक जातींत विरळ असतात. कुणी उत्साहाने एकच प्रतिकारक बोकड धरून सगळ्या कळपाला लावला, तर चार पिढ्यांत सगळी करडं एकमेकांची जवळची भावंडं होतील, आणि दूध, खूर, कास, वंध्यत्व, यांतले दडलेले दोष वर येतील. एक रोग घालवताना जातच गमावायची वेळ येईल. सावकाश जायला हवं: पुष्कळ वेगवेगळ्या घराण्यांतले बोकड तपासायचे, एका बाजूने बदल आलेलेही चालवायचे, बदल नसलेल्या चांगल्या माद्या काढून टाकायच्या नाहीत.

काही जण विचारतील, एवढं करण्यापेक्षा हे प्रथिनच काढून टाकलं तर? हा प्रश्न निसर्गाने आधीच सोडवून पाहिला आहे. झुरिकमध्ये १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला प्रायॉन प्रथिन न बनवणारे उंदीर तयार केले होते. ते धडधाकट वाढले आणि त्यांना स्क्रेपी देता आला नाही. मग २०१२ मध्ये नॉर्वेतल्या संशोधकांनी कळवलं की तिथल्या दुभत्या शेळ्यांत काही अशा आहेत ज्यांच्या या जनुकात ३२ व्या जागीच 'थांबा' अशी खूण पडली आहे, त्यामुळे प्रथिन तयारच होत नाही. कुणी काही केलेलं नाही, उपजतच तशा. आणि त्या चरतात, व्यायतात, दूध देतात. मला ही बातमी कळली त्या दिवशी मी प्रयोगशाळेत सगळ्यांना बोलावून सांगत सुटले होते. नसलेल्या प्रथिनाची घडी बिघडणार कशी! तरीही या प्रथिनाचं शरीरात नेमकं काम काय ते अजून पुरतं उलगडलेलं नाही, म्हणून सगळ्या शेळ्या अशाच करा असं मी तरी म्हणणार नाही. त्या तशा आहेत हे कुणीतरी तपासलं म्हणून कळलं, माझ्यासाठी महत्त्व याचं आहे.

आइसलँडचंच पुढचं सांगते. १९७८ नंतर तिथे रोगी मेंढ्यांचे कळपच्या कळप मारले गेले, आणि त्या देशाच्या मेंढ्यांत १७१ चा तो बदल नाहीच असं धरून चालले होते. २०२२ च्या जानेवारीत पूर्वेकडच्या एका फार्मवर तो सापडला. आता त्यावरून पैदाशीचा कार्यक्रम उभा राहिला आहे. त्याआधी मारलेल्या कळपांत तो कुठे होता का, हे आता कुणाला विचारणार?

म्हणून माझी मागणी फार मोठी नाही. जिथे जिथे हा रोग निघतो आणि कळप मारण्याचा हुकूम होतो, तिथे हुकूम अमलात येण्याआधी प्रत्येक शेळीच्या कानाचा छोटा तुकडा किंवा थोडं रक्त घेतलं जावं, आणि २२२ व १४६ या दोन जागा वाचेपर्यंत निरोगी दिसणाऱ्या शेळ्यांना वेगळं ठेवावं. काही दिवसांचा प्रश्न आहे. ज्या रोगाला उगवायला वर्षं लागतात, तो तेवढे दिवस थांबल्याने बिघडत नाही, फक्त त्या काळात कुठलंही जनावर गोठ्याबाहेर जायला नको आणि व्यायणाऱ्या मादीची वार नीट गोळा करून जाळायला हवी. नियम बदलून झाला म्हणजे हे आपोआप होतं असं नाही. ठेवता 'येते' आणि ठेवली 'जाते' यांत अंतर असतं. तपासणीचा खर्च कुणी करायचा हे ठरलेलं नसलं की मारणं सोपं वाटतं. हुकमावर सही करणाऱ्या अधिकाऱ्याला कुणी दोष देत नाही, तपासायला थांबलेल्याला देतात.

आपल्या बातमीतला 'विषाणू' शब्द बदलून 'प्रायॉन' करावा आणि उपायाबद्दलचं वाक्य दुरुस्त करून छापावं, ही विनंती.

जाता जाता एक. कुप्यांतल्या तपासणीचा निकाल मी त्या मालकाला पत्राने कळवला होता. उत्तरात त्याने आपल्या वहीच्या एका पानाची प्रत पाठवली. १७ नंबरचा एक नर करडू कळप मारण्याच्या तीन वर्षं आधी दुसऱ्या कळपात विकला गेला होता. आईचा बदल त्याच्यात उतरण्याची शक्यता निम्मी. पानावर तारीख आहे, बिल्ल्याचा क्रमांक आहे, घेणाऱ्या कळपाचा क्रमांक आहे. त्या बोकडाची पिल्लं कुठे आहेत हे शोधायची परवानगी मी दोनदा मागितली. दोन्ही वेळा, अशा शोधासाठी खर्चाची तरतूद नाही, असं उत्तर आलं. ते पान अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे.

आपली,
एक निवृत्त पशुवैद्यक